समुद्र पाठीशी ठेवून

आमच्या कोकणात नमाजला उभं राहिलं की तोंड समुद्राकडे होतं. किब्ला पश्चिमेला आणि समुद्रही पश्चिमेला. बाणकोटच्या खाडीवर लहानाचे मोठे झालेले आम्ही दोघं, आम्हाला याची एवढी सवय की त्याचा वेगळा विचार कधी केला नव्हता. तो विचार पहिल्यांदा आला आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, नामिबियाच्या किनाऱ्यावर. तिथेही समुद्र पश्चिमेलाच, पण मक्का शरीफ ईशान्येला. म्हणजे नमाजला उभं राहिलं की समोर वाळवंट आणि पाठीशी लाटा. पहिल्या दिवशी मुसल्ला अंथरताना आम्ही दोघांनीही चुकून समुद्राकडेच तोंड केलं होतं.

तिथे जाण्याचं कारण केप टाऊनचे मामू. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी तीन-चार पिढ्यांपूर्वी केप टाऊनला गेली आणि तिथलीच झाली. मामूंची नातवंडं घरात आफ्रिकान्स बोलतात. (या भाषेतली सुरुवातीची कितीतरी लिखाणं केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत केलेली आहेत, हे आम्हाला तिथेच कळलं.) मामूंकडे पंधरा दिवस राहून झाल्यावर त्यांनीच सुचवलं, "इतक्या लांब आलात, तर वरचा वाळवंटी किनारा बघून या." आमच्या लग्नाला त्या महिन्यात तीस वर्षं होत होती. मुलं आपापल्या संसारात. आम्ही हो म्हटलं.

फोनवर अम्मींना सांगितलं. अम्मी म्हणजे आमच्यातल्या एकीची आई आणि दुसऱ्याची सासू, वय त्र्याऐंशी. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दर्यावर चाललात, तर अब्बांसाठी दुआ करा."

अम्मींचे अब्बा, आमचे नाना, बोटीवर खलाशी होते. १९४२ साली मुंबईहून गेले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुड्यांनी केपच्या आसपास बरीच जहाजं बुडवली. त्यातच नानांची बोट गेल्याचं कंपनीचं पत्र गावी आलं. अम्मी तेव्हा नानींच्या पोटात होत्या. नानींनी ते पत्र मानलं नाही. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांवर हिंदी खलाशांची नोंदवही मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, त्यात नानांचं नाव आम्ही स्वतः वाचलं आहे. नानींनी ते पाहायलाही नकार दिला. "जिवंत माणसाचा खत्म कशाला पढायचा?" असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या आणि त्यांच्या पश्चात अम्मींनीही आईचा शब्द मोडला नाही. घरात नानांच्या नावामागे 'मरहूम' हा शब्द कधी लागला नाही.

त्यामुळे अम्मींनी 'दुआ करा' म्हटल्यावर आम्हाला प्रश्न पडला, दुआ कसली करायची? मगफिरतीची? परत फोन करून विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.

केप टाऊनहून विमानाने वॉल्विस बेला उतरलो आणि गाडी भाड्याने घेतली. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे आलटून पालटून चालवता आली. देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि माणसं तीस लाखांच्या आसपास, तेव्हा रहदारीची भीतीच नको. वॉल्विस बेच्या उथळ खाडीत हजारो रोहित पक्षी चिखलात चोची घालून उभे होते, शेजारी मिठागरं. मिठागरं बघून उगाच घरच्यासारखं वाटलं. पण साम्य तेवढंच. दक्षिणेकडून वाहत येणाऱ्या बेंग्वेला प्रवाहामुळे इथलं पाणी बर्फासारखं गार. त्या गारव्याने दाट धुकं येतं, पण ढग वर चढत नाहीत, पाऊस पडत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, इथे वीससुद्धा नाही. इथला एक भुंगा म्हणे पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेल्या धुक्याचा थेंब ओघळून तोंडात आला की पितो. आम्हाला भुंगा दिसला नाही, पण सकाळी गाडीच्या काचेवरून ओघळणारं पाणी पाहून त्याची अक्कल पटली.

तीस-पस्तीस किलोमीटरवर स्वाकोपमुंड. जर्मनांनी वसवलेलं टुमदार गाव, रंगीत घरं, बेकऱ्या. मुक्काम स्वस्त आणि स्वच्छ. जेवणाचं सांगायचं तर मांस आम्ही टाळलं. मामींनी दिलेल्या चपात्या, लोणचं, भाजलेला रवा आणि तिथली ताजी मासळी यावर सगळं भागलं. काबेलयाऊ नावाचा मासा ताटात आला तेव्हा पहिल्याच घासाला आमच्यातली एक म्हणाली, "अहो, ही तर आपली घोळ!" नंतर कळलं की खरोखरच तो घोळीच्या कुळातला आहे.

गावाच्या कडेला कबरस्तान आहे. आधी जर्मनांच्या कबरी, कोरीव दगड, नावं, झाडं. ती संपली की मोकळी वाळू, आणि त्या वाळूत शेकडो लहान लहान उंचवटे, ओळीने. ना नाव, ना तारीख. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेने इथल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. रणातून जे वाचले त्यांना छावण्यांत कोंडून मजुरीला जुंपलं, त्यातली एक छावणी स्वाकोपमुंडला होती. धुक्याच्या थंडीत, उपाशीपोटी माणसं गेली ती इथे पुरली. निम्म्याहून जास्त हेरेरो त्या चार वर्षांत संपले. जर्मन सरकारने याला नरसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये.

आपल्यात कबर साधीच असते, मातीचा उंचवटा. त्यामुळे नुसते उंचवटे पाहून आम्हाला वावगं वाटायला नको होतं. पण साधी कबर आणि बेवारस कबर यातला फरक तिथे उभं राहिल्यावर कळतो. आपल्या गावच्या कबरस्तानात दगड नसला तरी 'ही अमक्याची' असं सांगणारं कुणीतरी असतं. काही उंचवट्यांभोवती कुणीतरी दगडगोटे मांडलेले होते. आम्ही बराच वेळ थांबलो, फोटो काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेला निघालो. या रस्त्याचा बराचसा भाग डांबरी नाही, मिठाचा आहे. रेती-जिप्समवर खारं पाणी मारून दाबलेला. दिसतो अगदी डांबरासारखा, पण धुक्याने ओला झाला की निसरडा, म्हणून वेग आवरावा. त्या सकाळी वीस हातांपलीकडचं दिसत नव्हतं. वाटेत झेला नावाच्या जहाजाचा सांगाडा लागतो हे माहीत होतं, पण धुक्यात तो कधी मागे गेला कळलंच नाही.

केप क्रॉसला पोचेपर्यंत ऊन पडलं. १४८६ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काऊ इथे उतरला आणि दगडी क्रूस रोवून गेला. जर्मनांनी तो १८९३ मध्ये उचलून नेला, आता तिथे नक्कल आहे. पण लोक येतात ते सील बघायला. खडकांवर, वाळूत, पाण्यात, जिकडे बघावं तिकडे सील, हजारोंनी. पिल्लं बकरीच्या करडांसारखी ओरडतात आणि आई त्या गोंगाटातून आपल्या पिल्लाचा आवाज बरोबर ओळखते. वास मात्र असा की सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या आम्हीसुद्धा नाकाला रुमाल लावला.

पुढे स्केलेटन कोस्ट, हाडांचा किनारा. देवमाशांच्या हाडांवरून आणि फुटलेल्या जहाजांवरून पडलेलं नाव. १९४२च्या नोव्हेंबरात, नानांची बोट गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात, डुनेडिन स्टार हे जहाज इथे किनाऱ्याला लागलं. त्यावरची सगळी १०६ माणसं वाचली, लहान बाळांसकट. पण त्यांच्या मदतीला आलेली टग-बोट परतताना फुटली आणि तिच्यावरचे दोघे गेले. अँगस मॅकिन्टायर आणि माथियास कोरासेब. मॅकिन्टायरची कबर तिथे किनाऱ्यावर आहे. कोरासेबचा मृतदेह सापडला नाही. हे आम्ही आदल्या रात्री वाचलं होतं आणि ती जागा जिथे आहे तो भाग सामान्य प्रवाशांना खुला नाही हेही. निदान उगाबच्या फाटकातून आत जाऊन पूर्वेकडे बाहेर पडावं एवढाच बेत होता.

तोही फसला. केप क्रॉसच्या पुढे टायर फुटला. जादा टायर काढला तर त्यात हवा नाही. गाडी देणाऱ्याने तपासला नव्हता आणि खरं सांगायचं तर आम्हीही तपासला नव्हता. दीड तास एकही गाडी नाही. जवळ पाण्याचा कॅन होता. त्यातून वजू करून जोहर आणि असर एकत्र करून कसर पढलो. आम्ही शाफई, प्रवासात ही सवलत घेतो. मग रस्त्यावर खारं पाणी मारणारा टँकर आला. चालकाने काही न विचारता हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत, खजूर मात्र आनंदाने घेतले. मामूंच्या नातवंडांकडून शिकलेलं "बाय्ये दांकी" आम्ही चार-पाच वेळा म्हटलं.

फाटकाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तीननंतर आत सोडत नाहीत. फाटकावर मोठी कवटी आणि हाडं रंगवलेली आहेत. ती बघून परत फिरलो.

परतताना मात्र झेला दिसलं. हेंटीस बेच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून जरा आत, कलंडलेलं, गंजलेलं, वर पाणकावळ्यांची गर्दी. हे मासेमारीचं जहाज भंगारात विकलं गेलं होतं. २००८च्या ऑगस्टमध्ये ते ओढून मुंबईला न्यायला निघाले, वाटेत दोर सुटला आणि ते इथे येऊन रुतलं. मुंबईला जायला निघालेलं आणि न पोचलेलं.

सूर्य बुडाला. कॅन रिकामा झाला होता, म्हणून समुद्राच्याच पाण्याने वजू केली. बोटं बधिर झाली. जहाज आणि समुद्र पाठीशी ठेवून मगरिब पढलो. नंतर हात उचलले तेव्हा आम्ही एकमेकांना काहीच विचारलं नाही. मगफिरतीचीच दुआ मागितली, नाव घेऊन, वडिलांच्या नावासह. त्यांच्याबरोबर गेलेल्यांसाठीही.

रात्री स्वाकोपमुंडहून अम्मींना फोन लावला. भारतात मध्यरात्र होत आली होती, पण त्या जाग्याच होत्या. काय दुआ मागितली ते सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. लाइन तुटली असं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "पाणी कसं होतं?"

"खूप थंड."

"हं." पुन्हा थोडा वेळ गेला. "परत आलात की घरी खत्म ठेवू. रमजानच्या आधी."