आलेल्या नावांची वही

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा हसनाबादला आला, तो लॅपटॉप आणि एक जुना टॅबलेट घेऊन. टॅबलेटच्या काचेवर गोल टिकल्या होत्या. टिकलीला बोट लावले की लॅपटॉपमधून पखवाजाचा एकेक बोल उमटे. संगीतासाठी मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात घडवलेल्या 'प्युअर डेटा' या आज्ञावलीत त्याने हे जुळवले होते. ते वाजणे मला फारसे भावले नाही (देवळातला पखवाज कानात बसलेल्या माणसाला ते भावावे तरी कसे?), पण पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी वाढत होती, तिने मात्र खिळवून ठेवले.

टॅबलेटवरून येणारा प्रत्येक निरोप आपले नाव सांगत येत होता. १९८३ च्या मिडी पद्धतीत नियंत्रकाची ओळख म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक. ७ म्हणजे आवाजाची पातळी, हा संकेत ज्याचा त्याने ध्यानात ठेवायचा. पुढे १९९७ मध्ये मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी बर्कली येथे मांडलेल्या ओएससी पद्धतीत क्रमांकाच्या जागी तिरप्या रेघांनी जोडलेला पत्ता आला; गाव, गल्ली, घर अशा उतरंडीचा. भाच्याची अडचण अशी की, टॅबलेटवरची मांडणी दुसऱ्या कोणाची होती आणि कोणत्या टिकलीचे नाव काय, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने एक वही केली. निरोप आला की त्याचे नाव वहीत शोधायचे. नसेल तर उत्तर उणे एक येते, आणि तेव्हाच ते नव्या ओळीत उतरवायचे. शेवटी वही फायलीत जतन करायची, म्हणजे वीज गेली तरी नावे शाबूत.

"एकदाच लिहितंय का रे हे?" शेजारी बसलेल्या आईने विचारले.

"हो आजी. शंभरदा दाबलं तरी एकदाच."

मग तो माझ्याकडे वळला. "मामा, आता यांना आपली नावं द्या." मी उत्साहाने धा, ता, तिट असे लिहून दिले आणि तिथेच अडलो. ओएससीच्या २००२ च्या नियमांनुसार पत्त्यातली अक्षरे आस्की संचातलीच हवीत. त्यात देवनागरी नाही. रोमनमध्ये 'तिट'मधला त आणि ट एकाच अक्षरात जाऊन बसतात. ट साठी मोठे अक्षर योजावे, तर चुकून छोटे पडल्यावर यंत्र निराळे नाव समजून निराळी ओळ देणार. आयुष्यभर दंत्य-मूर्धन्य शिकवत आलेल्या मला हे पाहवेना. "मग ट दोनदा लिहू," हा त्याचा तोडगा मला आवडला नाही, पण चालला.

बोलांना संगणकात आणण्याचा हा काही पहिला खटाटोप नव्हे. बर्नार्ड बेल आणि जिम किपन यांनी १९८० च्या दशकात तबल्याच्या रचनांचे व्याकरण मांडण्यासाठी 'बोल प्रोसेसर' घडवला. हेच बेल पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाच्या कामात आले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल! समोर बसलेल्या आईच्या ओव्या मात्र कधी उतरवल्या नव्हत्या.

रात्री वही उघडली, तर टिकल्या बारा आणि नावे अकरा. एका टिकलीला कोणाचे बोटच लागले नव्हते. वहीच्या लेखी ती नव्हतीच. मी आईला ओव्या विचारल्या. "असं बसून कुठं आठवतं? जात्याला हात लागला की येतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परसातले जाते धुऊन घरात आणले. खुंटा सैल झाला होता, तो ठोकून बसवला. आई दळायला बसली, मी वही घेऊन. दुपारपर्यंत सात ओव्या उतरल्या. आठवी तिने हळू म्हटली आणि हात थांबवला. "ही नको लिहू."

मी पेन खाली ठेवले.