लोंबकळणारे चाक

गाडी मोडते ती चाक वर उसळल्यामुळे, अशी माझी समजूत होती. चाक खाली गेल्यानेही ती मोडते, हे आमच्या जुन्या जीपने मला शिकवले; आणि तेही फी घेऊन!

जीप अण्णांची. महिंद्रांनी मुंबईत ज्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, त्यांच्याच घराण्यातली. आगाशीच्या वाडीतली केळी विरार स्टेशनावर पोचवण्यात तिचे आयुष्य गेले. पुढे वाडी विकली, ओझे संपले. मग सुटीच्या दिवशी मुलगा आणि मी तिला तुंगारेश्वराच्या पायथ्याकडच्या आडवाटांनी हिंडवू लागलो. तिचे पोट दगडांना घासू नये म्हणून मुलाने मागच्या पाट्यांना लांब शॅकल बसवून घेतले. तिसऱ्याच फेरीत मागचे चाक खड्ड्यात उतरले आणि कडाड् असा आवाज झाला. शॉक-अॅब्सॉर्बर मुळासकट उपटला होता.

मेस्त्री म्हणाला, "सर, चाक वर गेलं तर अडवायला रबराचा ठोकळा आहे. खाली लोंबलं तर कोण अडवणार? अख्खा एक्सल या शॉकनं टांगून धरला. त्याचं काम झोका आवरायचं, वजन पेलायचं नव्हे."

"मग उपाय?"

"पट्टा. चासी आणि एक्सल यांच्यामध्ये. शॉक पुरता ताणायच्या आधी पट्टा ताणला पाहिजे. ब्रेकची नळीही वाचते."

"चांगला आखूडच बांधा!" मी उदारपणे म्हणालो.

"नको सर. आखूड बांधला तर चाक जमीन सोडेल. मग ते नुसतं गरगर फिरतं, आणि गाडी जागची हलत नाही."

"पण इतकी वर्षं कसं काही झालं नाही?"

"शॅकल आखूड होते. आणि तेव्हा गाडी भरलेली असायची ना! पाटे दबून असायचे."

कोपऱ्यात स्टुलावर बसलेले अण्णा हसले. "ऐकलंस? भरलेली होती, म्हणून धड होती."

मी वरमलो. वाडी गेल्यावर आम्ही अण्णांच्या हातून एकेक काम काढून घेतले होते: बाजार, बँक, अगदी सकाळचे दूधसुद्धा. "आता तुम्ही फक्त आराम करा," असे आम्ही मोठ्या प्रेमाने म्हणत होतो. आणि दिवसेंदिवस ते खुर्चीत खचत का चालले, याचे नवल करीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुधाची पिशवी त्यांच्या हाती दिली. "मोबाईल तेवढा खिशात ठेवा," एवढेच म्हणालो. तो आमचा पट्टा!

चौथ्या दिवशी त्यांना उशीर झाला. मी फोन उचलला, चपला घातल्या. मग मेस्त्री आठवला. चपला काढल्या, फोन मात्र हातातच राहिला.

पाऊण तासाने अण्णा आले. पिशवीत दूध होते, आणि बरोबर सुकेळ्यांची एक पुडी.

"भाव करत बसलो होतो," ते म्हणाले.

किती दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत ऐकला!