वेळापत्रकाबाहेरची मुंबई

गेल्या वर्षीं नातवंडांस मुंबई दाखविण्याचें ठरलें, तेव्हां मीं मास्तरकीच्या जुन्या संवयीनें वेळापत्रकच आंखलें. एका दिवसांत पांच स्थळें! तिसऱ्या स्थळीं पांच वर्षांची नात रस्त्याच्या कडेलाच बसून रडूं लागली. मी तिच्यावर रागावलों. रात्रीं ती आईला हळूच म्हणाली, “आजोबांबरोबर पुन्हां नाहीं जायचं.” तें वाक्य मला वर्षभर बोंचत राहिलें.

यंदां बेत सूनबाईंवर सोंपविला. दिवसाला एकच स्थळ, दुपारीं विश्रांति, बरोबर दहींभाताचा डबा. राणीची बाग बुधवारीं बंद असते, म्हणून गुरुवार निवडला. १८६२ सालीं खुल्या झालेल्या या बागेंत मुलें पेंग्विनांपुढें मनसोक्त रेंगाळलीं. नंतर शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती दिसला. त्याच्याचवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ म्हटलें, हें सांगण्यास माझी जीभ वळवळली. पण मीं ती आवरली.

थोड्या वेळानें नातीनेंच विचारलें, “आजोबा, हा इथं कसा आला?” मग मीं सांगितलें, आणि तिनें तें मन लावून ऐकलें.

वाचकहो, पुढच्या खेपेचा बेत तिनें आतांच आंखला आहे. त्यांत मी आहें!