पाऱ्याची वजावट

वायुभार म्हणजे क्षेत्रावर पडणारे ओझे. ते लांबीने मोजण्याचा प्रघात टोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने सतराव्या शतकात पाडला. एका इंचाचे ३३.८६ आणि एका मिलिमीटरचे १.३३३ हेक्टोपास्कल, एवढा गुणाकार शाळकरी पोरही करील. परंतु हवामानाची उपकरणे तपासण्यात ज्याची हयात गेली, त्या मला गुणाकारापूर्वीची वजावटच अधिक मोलाची वाटते, आणि मालवणच्या किनाऱ्यावर ती टाळून चालतच नाही.

७६० मिलिमीटर म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल हे समीकरण शून्य अंश सेल्सियसच्या पाऱ्याला आणि प्रमाण गुरुत्वाकर्षणाला बांधलेले आहे. आणि शून्य अंश मालवणात मासळीसाठी चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्याबाहेर कोठे भेटणार? तीस अंशांच्या उष्म्याने पारा फुगतो, पितळी पट्टीही किंचित लांबते, आणि ह्या दोहोंपोटी स्तंभातून ३.७ मिलिमीटर वजा करावे लागतात. शिवाय सोळाव्या अक्षांशावर पृथ्वीची ओढ प्रमाणाहून थोडी उणी, म्हणून आणखी १.७. दोन्ही मिळून सुमारे सात हेक्टोपास्कल होतात. येथे सकाळी दहा ते दुपारी चार ह्या अवधीत वायुभार स्वभावतःच सुमारे तीन हेक्टोपास्कल उतरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या वजावटीचे वजन कळते. त्यातही दोन्ही चुका एकाच बाजूच्या: कच्चा आकडा खऱ्याहून चढा दिसतो, आणि अरबी समुद्रातील कमी दाबाची चाहूल त्याच्याआड बेमालूम दडते.

दर्या मात्र कोणत्याही वजावटीची वाट पाहत नाही. खाऱ्या पाण्याची घनता पाऱ्याच्या सुमारे तेराव्या हिश्श्याची असल्यामुळे एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ नेमका एक सेंटिमीटर समुद्र. दाब घटला की पारा उतरतो आणि पाणी चढते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ कोकणासमोरून उत्तरेकडे गेले. पुढे त्याच्या केंद्रातील दाब ९५० हेक्टोपास्कलांपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. केवळ तेवढ्या घटीने केंद्राखालचे पाणी अर्ध्या मीटरहून अधिक उचलले जावे. केंद्र दूर असल्याने मालवणच्या वाट्याला त्याचा अंशच येणार. वाऱ्याने रेटलेले पाणी आणि लाटा यांचा हिशेब निराळा.

तारकर्लीच्या पाणबुड्यांचे उपकरण हाच व्यवहार उलट करते: मोजते दाब, दाखवते खोली. खाऱ्या पाण्यासाठी आखलेले ते कर्ली नदीच्या गोड्या पाण्यात उतरवले, तर वीस मीटर दाखवताना माणूस साडेवीस मीटरांवर असेल. शरीराला जाच दाबाचा होतो, म्हणून ह्यात फारसे बिघडत नाही.

पाऱ्याची उपकरणे आता मोडीत निघत आहेत. पण जुनी दप्तरे इंचांतच आहेत, आणि ती हेक्टोपास्कलांत उतरवून द्या, अशी विनंती होतच असते. मी प्रथम पाऱ्याशेजारच्या तापमापकाचा रकाना पाहतो आणि आकडा वजावटीपूर्वीचा की नंतरचा याची खातरजमा करतो. रकाना कोरा असेल आणि वजावटीचा दाखलाही नसेल, तर कागद परत करतो.