तबकडीची एक बाजू

शाळेच्या स्मरणिकेत पालकांनीही आपले मनोगत मांडावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. मुलीच्या प्रगतीविषयी लिहिणे सोपे होते. परंतु ते गुणपत्रकात नोंदलेलेच आहे. मूल निवासी शाळेत गेल्यावर मागे उरलेल्या घराचे काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आम्ही उभयता त्या घराविषयी, आणि त्यातही त्या घरातील सकाळींविषयी लिहीत आहोत.

मुलगी पाचवीत या शाळेत दाखल झाली. तोपर्यंत आमची सकाळ तिच्याभोवतीच फिरत असे. बंबातले पाणी, वेणीच्या रिबिनी, डब्यातली पोळी-भाजी, न सापडणारा एक मोजा आणि दाराशी भोंगा वाजवणारा रिक्षावाला. जूनमध्ये तिला वसतिगृहात पोहोचवून आम्ही परतलो आणि दुसऱ्याच दिवशी सहा वाजता लक्षात आले, की हातांना काही कामच उरलेले नाही. चहा दोनच कप. गळक्या नळाचा थेंब मोरीत पडतो, तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, हे त्या दिवशी प्रथम कळले. आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो. कोणत्याही विषयाला आरंभ केला तरी दुसऱ्या वाक्याला तो मुलीपाशी येऊन थांबे, आणि त्यापुढे जाण्याची दोघांचीही तयारी नसे.

अशा एका सकाळी कपाटावरचा आप्पांचा रेकॉर्ड प्लेअर खाली उतरवला गेला. आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि एकाचे सासरे. रेल्वेतील नोकरीत असताना त्यांनी तो हप्त्यांवर घेतला होता. त्यासोबत अकरा तबकड्या होत्या. प्रत्येक तबकडी मऊ फडक्याने पुसून, कडेला धरून, पाकिटात उभी ठेवायची, ही त्यांची शिस्त. ते गेल्यानंतर यंत्रावर एक जुनी चादर पडली होती. ती काढली, पट्टा बदलून आणला, सुई नवी बसवली आणि अकरांपैकी सर्वांत वर होती ती तबकडी लावली : ‘कॉल ऑफ द व्हॅली’.

हा अल्बम १९६७ सालचा. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरासिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस स्वरांतून उभा करावा, अशी त्यामागील कल्पना. म्हणून तिचा आरंभ पहाटेच्या अहिर भैरवाने होतो आणि शेवट पहाडीने. याची निर्मिती करणारे जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक. पुढे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात त्यांनी आयुष्य घातले. संतूर हे वाद्य तोवर काश्मीरबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यावर रागसंगीत वाजू शकते, हे शिवकुमारांना अनेक वर्षे पटवून द्यावे लागले. आज ते वाद्य इतके परिचित झाले आहे, की त्याला कोणे एके काळी विरोध झाला असेल, हे सांगूनही खरे वाटत नाही.

पहिलीच रचना सुमारे बारा मिनिटांची आहे. ती संपेपर्यंत चहा निवून गेला होता. आम्ही काहीही बोललो नव्हतो. पण आदल्या दिवसाचे न बोलणे आणि हे न बोलणे यांत फरक होता. आदल्या दिवशी आम्ही दोघे दोन ठिकाणी गप्प होतो, त्या दिवशी एकाच ठिकाणी.

तेव्हापासून सकाळी तबकडीची एक बाजू ऐकायची, असा रिवाज पडला. त्याचे नियम आपोआप ठरत गेले. एक बाजू लावली की ती पूर्ण ऐकायची, मधून सुई उचलायची नाही. त्या वेळात भाजी निवडायची नाही, वर्तमानपत्र उघडायचे नाही. आवाज एवढाच ठेवायचा, की शेजारच्या घरी झोपलेल्या रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडू नये. सकाळचे राग सकाळी आणि रात्रीचे रात्री. किशोरी आमोणकरांचा भूप आम्हा दोघांना कितीही प्रिय असला, तरी त्याचा वेळ रात्रीचा पहिला प्रहर. तो जेवणानंतरच लागतो. सकाळी तोडी, भैरव, ललत. भीमसेन जोशी, बिस्मिल्ला खाँ, कुमार गंधर्व हे आमच्या घरी वारांप्रमाणे येऊ लागले.

कोणी विचारेल, मोबाइलवर हवे ते गाणे क्षणात मिळत असताना या खटाटोपाचे प्रयोजन काय? मोबाइलशी आमचे वैर नाही. परंतु हवे ते गाणे मिळते, तसेच नको झालेले क्षणात बदलताही येते. एका मिनिटात मन भरले नाही की बोट पुढे सरकते. तबकडी तशी मुभा देत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत; गायकाला सारा राग तेवढ्यात आवरावा लागे. १९४८ साली मिनिटाला सवातेहेतीसच्या आसपास फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. रागाला श्वास घ्यायला जागा मिळाली. ऐकणाऱ्यालाही तेवढा वेळ बसणे भाग पडले. आलापीच्या पहिल्या चार मिनिटांत काहीच घडत नाही, असे आरंभी आम्हांला वाटे. महिनाभराने त्याच चार मिनिटांसाठी आम्ही लवकर उठू लागलो.

शनिवार आम्ही कॅसेटसाठी राखून ठेवला. आमच्याकडे प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या आवाजातील भीमगीतांच्या कॅसेट आहेत. काहींची फीत गुंडाळण्यासाठी अजूनही पेन्सिल लागते. ही गाणी आम्ही लहानपणापासून ऐकली ती वस्तीत, १४ एप्रिलला, कर्ण्यावरून, हजारो माणसांच्या गर्दीत. तिथे गाणे कानांनी ऐकायचे नसते, अंगानेच ऐकायचे असते. घरी हलक्या आवाजात तीच कॅसेट लावली, तेव्हा गायकाने ओळीपूर्वी घेतलेला श्वास ऐकू आला, कोरसमधला एक किंचित मागे राहणारा आवाज ऐकू आला, आणि कैक वर्षे तोंडपाठ असलेल्या शब्दांचा अर्थ नव्याने समोर आला. गर्दीतल्या ऐकण्याने आम्हांला समाज दिला होता. घरातल्या ऐकण्याने ते शब्द दिले.

दिवाळीच्या सुटीत मुलगी घरी आली, ती शाळेचे घड्याळ अंगात घेऊनच. पहाटे पाचला कोणी न उठवता उठली, तोंड धुतले आणि खिडकीशी सतरंजी टाकून डोळे मिटून बसली. आम्ही यंत्राच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले व म्हणाली, “बाबा, आता लावा ना.” तेव्हापासून सुटीतल्या सकाळींचा क्रम ठरला : आधी तिची शांतता, मग आमची तबकडी. तिच्या आईने रिबिनी काढून ठेवल्या होत्या. पण वेणी तिची तीच घालते, हेही त्याच सुटीत कळले.

एका पौर्णिमेला आम्ही तिघांनी अष्टशील घेतले. त्यात नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील आहे. म्हणून त्या दिवशी रेकॉर्ड प्लेअर बंद. मुलीने विचारले, “आई, पौर्णिमेला चालत नाही, तर मग रोज कसे चालते?” प्रश्न रास्त होता. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात संगीताचा निषेध नाही. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात तर पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो, आणि तारांचा स्वर व गळ्याचा स्वर एकमेकांत मिसळून गेले आहेत, अशा शब्दांत भगवान बुद्ध त्याची प्रशंसा करतात. ज्याने इतके बारकाईने ऐकले, त्याला संगीत वर्ज्य होते असे कसे म्हणावे? मग एका दिवसाचे हे थांबणे कशासाठी, हे शब्दांत सांगण्यापेक्षा आम्ही तिला म्हणालो, “आजची सकाळ नुसती बसून पाहू या.”

आम्ही तिघे बसलो. मोरीतला थेंब पडत होता. दूर कोणी अंगणात सडा टाकत होते, सायकलची साखळी कुरकुरत गेली, एक भारद्वाज बराच वेळ घुमत राहिला. ही तीच शांतता होती, जी त्या जूनमध्ये आम्हांला सोसवत नव्हती. ती आता रिकामी वाटत नव्हती. आलापीच्या पहिल्या चार मिनिटांत बसायला शिकलेले कान तिथेही बसू शकत होते. संगीताने आमच्या घरातली शांतता भरून काढली, असे आम्ही समजत होतो; प्रत्यक्षात त्याने ती ऐकण्याजोगी केली होती.

ज्यांची मुले यंदा प्रथमच वसतिगृहात गेली आहेत, त्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. पहिल्या महिन्यात घर अंगावर येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सकाळी वीस मिनिटे एकत्र बसा आणि काहीतरी आरंभापासून शेवटापर्यंत ऐका. भीमगीते असोत, अभंग असोत, सनई असो. साधन कोणतेही चालेल. मुले तिथे एका घंटेने उठतात, एका ओळीत बसतात, एकत्र गप्प राहतात. आपणही घरी तेवढे करू शकलो, तर सुटीत परतलेल्या मुलाला घर परके वाटत नाही.

आमची मुलगी यंदा दहावीची परीक्षा देऊन या शाळेचा निरोप घेईल. पुढे ती घरी राहील की आणखी दूर जाईल, हे निकालावर आणि तिच्या इच्छेवर अवलंबून आहे. परवा फोनवर तिने विचारले, की आप्पांच्या अकरा तबकड्यांपैकी तिच्या वाट्याला कोणती. आम्ही सांगितले, अकराही तुझ्याच; पण जोवर आम्ही दोघे आहोत, तोवर सुई बदलण्याचे काम आमच्याकडे राहू दे.