न दिसलेला हल्ला

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळ,

न्हावाशेव्याहून बोट धरणार असं परवा फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मन त्याच पाण्यावर आहे. त्या पाण्यातली एक गोष्ट तुला ठाऊक हवी.

पहिल्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका ‘एम्डन’ तुला माहीत असेलच. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिनं मद्रास बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. आग साऱ्या गावानं पाहिली, म्हणून ती लक्षात राहिली. मुंबईवरचा हल्ला कुणाला दिसलाच नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मन ‘वुल्फ’ आली. वरून साधी मालवाहू बोट, पण तोफा झाकलेल्या. कील बंदर सोडताना पोटात ४६५ पाणसुरुंग होते. कप्तान कार्ल नेर्गर यानं त्यातले काही मुंबईच्या वाटेवर सोडले आणि तो निघून गेला.

पाणसुरुंग म्हणजे तळाशी वजन, वर साखळदंडाला बांधलेला लोखंडी गोळा. त्याच्या शिशाच्या शिंगाला बोट धडकली की आतली काचनळी फुटते, आम्ल सांडून वीज तयार होते आणि स्फोट होतो. तोवर तो पाण्याखाली नुसता थांबून राहतो. चार महिने थांबला. २३ जूनला, ऐन पावसाळ्यात, पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ बोट मुंबईच्या दक्षिणेला त्यावर गेली आणि पाव तासाच्या आत बुडाली. २३ माणसं गेली. ‘वुल्फ’ तेव्हा पार न्यूझीलंडकडे होती. नोव्हेंबरात ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ गेली, तीही याच सुरुंगांनी.

४५१ दिवस कुठल्याही बंदराला न लागता नेर्गर घरी परतला, याचं कौतुक पुस्तकांतून फार आहे. दर्यावर्दी म्हणून तो मोठाच. पण मला त्या कौतुकात मन घालता येत नाही. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवर रत्नागिरीचे, गुजरातचे खलाशी असत, जेवणघरात गोव्याची माणसं. लढाई त्यांची नव्हती. ते पगारावर घर चालवत होते, जसा उद्या तू चालवशील.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. बोटीवर चढण्याआधी एक दिवस मोकळा ठेव. मी सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसनं येते, दादरला भेट. दोघं जाऊन ती नावं वाचू.

तुझी,
आत्या