पीयूषाचा एक पेला

सांगली-कोल्हापूरकडील जैन प्रवाशास मुंबईत उतरण्याचे ठिकाण म्हणून सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा सांगावी लागत नाही. सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या दातृत्वाची ही खूण गिरगावच्या गजबजाटात आजही आपले शांतपण राखून आहे. मार्गशीर्षातील एका गुरुवारी सांगलीचे एक गृहस्थ येथे उतरले होते. दुपारी त्यांना भेटावयास त्यांचे गिरगावकर मित्र आले. महाविद्यालयापासूनची मैत्री. गिरगावकरांची चाळ पुनर्बांधणीस जायची होती आणि महिनाभरात बिऱ्हाड डोंबिवलीस हलणार होते.

मनात एक सल मात्र होता. तीस वर्षे हे गृहस्थ सांगलीस जात आणि सूर्यास्तापूर्वी मांडलेल्या पाटावर भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी पोटभर जेवत. परतफेडीची वेळ आली की सांगलीकर हात जोडत. कंदमूळ नाही, रात्रीभोजन नाही. मुंबईकर तर साडेआठशिवाय जेवावयास बसत नाही. आज गिरगावकरांनी ठरवूनच टाकले होते : "आज उपवासाचा दिवस आहे, तेव्हा अडचणच नाही. तुला दादरला नेतो."

चर्नी रोडहून धिमी लोकल धरून दोघे दादरला उतरले आणि रानडे रस्त्याने चालत गोखले रस्त्यावरील 'प्रकाश'मध्ये पोचले. साबुदाणा वडा आणि पीयूष या दोन पदार्थांसाठी माणसे जिथे दाराबाहेर ताटकळतात, असे हे लहानसे शाकाहारी उपाहारगृह. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांसह एकच टेबल वाटून घ्यावे लागते, आणि त्यात कोणास काही वाटत नाही. गुरुवारचे व्रत असलेल्या स्त्रिया, शिवाजी पार्कवरून फिरून आलेले वृद्ध, शिकवणीची मुले, सारे एका पंगतीत. गिरगावकरांनी बसण्यापूर्वीच दोन साबुदाणा वडे सांगून टाकले.

वडे आले. सांगलीकरांनी हळूच विचारले, "यात बटाटा असतो ना रे?"

असतोच, बटाट्यावाचून वडा वळला जात नाही. आणि बटाटा वगळला तरी प्रश्न सुटत नाही. साबुदाणा काही धान्य नव्हे. तमिळनाडूत सेलमच्या बाजूस टॅपिओकाच्या मुळांतील सत्त्व काढून त्याचे हे मोती करतात. म्हणजे तोही कंदाचाच वंशज! रताळे, सुरण, बटाटा, साबुदाणा : मराठी घरातील फराळाचे ताट बहुतेक जमिनीखालूनच वर येते.

"म्हणजे उपवासाचेच तुला चालत नाही?" गिरगावकर थक्क झाले.

"आमच्याकडे उपवास म्हणजे फार तर उकळलेले पाणी."

शेजारच्या आजींनी हे ऐकले आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे म्हणून स्वतःच हसल्या. त्यांच्यापुढेही वड्याचीच बशी होती.

मिसळीत कांदा-बटाटा. डाळिंबी उसळ सात्त्विक खरी, पण वाल मोड आलेले, म्हणून सांगलीकरांना तीही नको. व्रती माणूस हॉटेलात पाऊलच ठेवत नाही, हे खरे. पण आपल्यातील बहुतेकांना प्रवासात अशी एकेक जिन्नस पारखूनच पुढे जावे लागते. समोरचा माणूस प्रेमाने बोलावीत असला की ही पारख अधिकच कठीण होते. गिरगावकरांचा चेहरा उतरला. साडेपाच वाजून गेले होते. मार्गशीर्षातला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

"पीयूष सांग," सांगलीकर म्हणाले.

या नावाने दचकू नये. संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, तसाच नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकही. मराठी उपाहारगृहातील पीयूषाचा चिकाशी संबंध नाही. चक्का वा श्रीखंड ताकात घुसळून, साखर, केशर, वेलची आणि जायफळ घालून ते करतात. लस्सीहून दाट, श्रीखंडाहून पातळ. धड पेय नव्हे, धड पक्वान्न नव्हे. सणाला उरलेल्या श्रीखंडाची सोय लावण्याचा हा घरगुती उपाय असावा असे पहिल्या घोटास वाटते, दुसऱ्या घोटास तसे वाटत नाही. जायफळाची मात्रा मात्र बेताचीच हवी. ते जास्त झाले की औषध प्यायल्यासारखे होते.

पिवळसर, थंडगार पेले आले. सांगलीकरांनी पहिला पेला सावकाश संपविला आणि आपण होऊन दुसरा मागितला. तीस वर्षांत त्यांनी या मित्राकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही वडे गिरगावकरांच्याच वाट्यास आले आणि त्यांनी ते निमूटपणे संपविले. पैसे कोणी द्यायचे यावर या खेपेस वाद झाला नाही.

बाहेर पडले तेव्हा मैदानापलीकडे ऊन अजून तांबूस होते. डोंबिवलीची लोकल दादरला थांबते आणि सांगलीहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेसही. पुढच्या खेपेस मुंबईपर्यंत न जाता दादरलाच उतरायचे ठरवून दोघे स्थानकाकडे वळले.